मदत हवी आहे: आईच्या मणक्याचं ऑपरेशन आधी, की हाडांची औषधं आधी?

मंडळी, निपाणीहून लिहितोय. आईचं वय 66. कमरेतला चौथा मणका पाचव्यावर पुढं सरकलाय, नस दबलीय. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंतसुद्धा सलग चालवत नाही. मध्येच कुणाच्या तरी कट्ट्यावर बसते, दोन मिनिटं पुढं वाकली की पाय मोकळे होतात, मग पुढचा टप्पा. चाळीस वर्षं मांडीवर सूप घेऊन विड्या वळल्या, त्यामुळं दुखणं अंगावर काढायची सवयच.

बेळगावात एका डॉक्टरांनी एमआरआय बघून स्क्रू आणि रॉड घालून दोन मणके जोडायचं ठरवलं, तारीखही दिली. आतेभाऊ मागं लागला म्हणून कोल्हापुरात दुसरं मत घेतलं. त्यांनी पहिलंच विचारलं, "डेक्सा केलीय का?" ही हाडांची घनता मोजायची तपासणी, आम्ही केली नव्हती. करून आणली तर कमरेचा टी-स्कोअर (घनतेचा आकडा, जितका जास्त उणे तितकं हाड विरळ) उणे 1.6 आणि खुब्याचा उणे 2.9. ते म्हणाले, हाडं ठिसूळ आहेत, आत्ता घाई केली तर स्क्रू सैल व्हायची भीती. आधी तीन-चार महिने टेरिपॅराटाइड या हाड भरून काढणाऱ्या औषधाचं इंजेक्शन रोज, मग ऑपरेशन, आणि नंतरही ते चालूच ठेवायचं.

बाबा सुतारकाम करतात. त्यांना एका वाक्यात पटलं. वाळवी लागलेल्या चौकटीत बिजागरीचा स्क्रू नुसता फिरत राहतो, हे त्यांना कुणी सांगायची गरज नाही. पण लगेच म्हणाले, "मग भोकात काडी आणि फेव्हिकॉल घालून पिळायचा की!" डॉक्टर हसले. म्हणाले, तसंही करतो, स्क्रूभोवती हाडाचं सिमेंट भरतो, पण ते बाहेर झिरपण्याचा धोका असतो, आणि वरचे-खालचे मणके ठिसूळ ते ठिसूळच राहतात.

आता घरात दोन पार्ट्या. आई म्हणते, एकदाचं उरकून टाका. एकाच बाईच्या हाडांचे दोन आकडे कसे? आणि थांबलो तर नसेचं कायमचं नुकसान होईल का?

खानापूरची सून
दादा, थांबा. माझ्या सासूबाईंचं ऑपरेशन डेक्सा न करताच झालं होतं. पहिले काही महिने छान चालल्या. मग पुन्हा कळा. एक्सरेत स्क्रूभोवती काळी कडा दिसली, म्हणजे स्क्रू सैल झाला होता, दोन मणक्यांमध्ये बसवलेला पिंजरा हाडात रुतला होता, आणि जोडलेल्या भागाच्या लगेच वरचा मणका चेपला होता. दुसऱ्यांदा उघडावं लागलं. वय झालेल्या माणसाला दोनदा भूल म्हणजे काय, ते विचारू नका.

चिकोडीचा फिजिओ
दोन आकड्यांचं सांगतो. उणे 2.5 किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. या वयात झिजलेल्या मणक्यांच्या कडेला हाडाचे काटे वाढतात, मशीन तेही हाडातच मोजतं, म्हणून कमरेचा आकडा खोटा चांगला येतो. खुब्याचाच धरा. ऑपरेशनच्या तयारीसाठी सीटी झाला असेल तर पुन्हा खर्च करायच्या आधी विचारा, त्याच सीटीवर कमरेच्या पहिल्या मणक्याची घनता मोजता येते. साधारण 110 हाउन्सफील्ड युनिटच्या (सीटीवर घनता मोजायचं माप) खाली असेल तर ठिसूळपणाचा संशय घ्यायचा.

थांबण्याबद्दल: नुसती कळ आणि चालताना बसावं लागणं असेल तर काही महिने सहसा थांबता येतं, पण ते तपासणाऱ्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. लघवी तुंबली किंवा नकळत झाली, बसायच्या जागी बधिरपणा आला, पाऊल उचलेनासं झालं, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. तिथं हाडं बघत बसायचं नाही.

ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम तपासलंय का? काकू मिसरी लावतात का? तंबाखूनं हाड जुळायला वेळ लागतो. आणि स्टिरॉइड कधी घेतलंय का? त्यानंही हाडं ठिसूळ होतात. दम्याच्या, सांधेदुखीच्या गोळ्या, पुड्या, काहीही.

मूळ धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. ड जीवनसत्त्व कमीच निघालंय. मिसरीचं विचारलं तर आईनं तोंड फिरवलं, म्हणजे उत्तर मिळालं.

पुड्यांचं विचारल्यावर आधी "नाही" म्हणाली. मग संध्याकाळी स्वतःच तांदळाच्या डब्यामागून एक जुना पावडरचा डबा काढून दिला. गुडघ्यांसाठी बाजारच्या दिवशी एका माणसाकडून पुड्या आणायची, तीन वर्षं. "खाल्ली की दोन तासांत उड्या मारावंसं वाटायचं," म्हणते. दोन्ही डॉक्टरांना यातलं काहीच माहीत नाही.

चिकोडीचा फिजिओ
डबा फेकू नका. आणि अजून चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम बंदही करू नका, स्टिरॉइड असेल तर त्याचा वेगळा त्रास होतो.

मूळ धागाकर्ता
गेल्या आठवड्यापर्यंत चालू होत्या. आत्ताच कोल्हापूरला फोन लावला, उद्या सकाळी बोलावलंय. डबा पिशवीत भरून ठेवलाय. बेळगावची तारीख पुढं ढकलायला सांगितलंय.