थायरॉईड वाढलाय, पण धडधड हृदयाची?

प्रश्न (ऐरोली): आई ६४ वर्षांची. टीएसएच (थायरॉईडला चालना देणारं हार्मोन) ०.०१, म्हणजे खूप कमी; फ्री टी४ (थायरॉईडचं हार्मोन) वाढलेला. नाडी ११८, तीही अनियमित. कार्बिमाझोल (थायरॉईड कमी करायची गोळी) सुरू होऊन आठवडा झाला, तरी नाडी उतरत नाही. गोळी बदलायची का?

उत्तर १ (ठाणे): लगेच नको. कार्बिमाझोल नवीन हार्मोन तयार होणं थांबवतं. ग्रंथीत साठलेलं संपायला ३ ते ६ आठवडे जातात. तोवर नाडीसाठी प्रोप्रॅनोलॉलसारखा बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंद करणारी गोळी) देतात. दमा असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, या गोळीने श्वासनलिका आवळतात. झोपेत नाडी मोजा: घाबरल्यामुळे वाढलेली झोपेत उतरते, थायरॉईडची सहसा नाही.

उत्तर २ (नेरुळ): माझ्या मते खरा मुद्दा ‘अनियमित’ हा आहे. ईसीजी आजच काढा. या वयात एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर) असू शकतं. त्यात वरच्या कप्प्यात रक्ताची गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका. रक्त पातळ करायची गोळी लागेल का, ते कार्डिओलॉजिस्ट ठरवतील. वॉरफरिन (रक्त पातळ करायची एक गोळी) दिलं तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी तपासणी) वारंवार तपासा; थायरॉईड वाढलेला असताना त्याचा परिणाम जास्त होतो. नाडी मनगटाला नको, छातीला स्टेथोस्कोप लावून पूर्ण मिनिट मोजा, काही ठोके मनगटापर्यंत पोचतच नाहीत. धाप, छातीत दुखणं, चक्कर असेल तर थेट इमर्जन्सीत.

उत्तर १: आणखी एक. ताप किंवा घसा दुखला तर कार्बिमाझोल थांबवून त्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करा, या गोळीने पांढऱ्या पेशी घसरलेल्या असू शकतात. केसांसाठी बायोटिन (एक जीवनसत्त्व) चालू आहे का? त्याने थायरॉईडचा रिपोर्टच खोटा येऊ शकतो.