प्रतिसाद: परवाना, रांग आणि अॅपच्या गाड्या

टॅक्सी आणि उबरसारख्या अॅपच्या गाड्या यांच्या वादात दोन टोकं मांडली गेलीत: अॅपच्या गाड्या बंद करा, किंवा सगळं बाजारावर सोडा. मला दोन्ही पटत नाहीत.

लंडनमध्ये रस्त्यात हात दाखवून थांबवायचा हक्क फक्त काळ्या टॅक्सीला. भाड्याच्या खासगी गाडीचं (अॅपच्या गाड्या यातच येतात) बुकिंग आधीच हवं. 1998 च्या कायद्याने तिथल्या खासगी गाड्यांनाही परवाना लागू झाला. पण फोनवर दोन मिनिटांत गाडी दारात येते म्हटल्यावर 'आधी बुकिंग' आणि 'हात दाखवणं' यांत उरतं काय? खरी गोम इथेच आहे. मीटर, ठरलेलं भाडं, रस्त्यांची अवघड परीक्षा हे सगळं टॅक्सीवाल्याच्या माथी, आणि गिऱ्हाईक मात्र दोघांचं तेच.

'आम्ही फक्त अॅप' हा बचाव युरोपीय संघाच्या न्यायालयाने 2017 मध्येच उबरच्या प्रकरणात फेटाळला: ही वाहतूक सेवाच आहे.

मात्र परवान्यांची टंचाई हाही उपाय नाही. न्यूयॉर्कमध्ये टॅक्सीचा परवाना दहा लाख डॉलरच्या वर गेला होता. भाव कोसळले तेव्हा कर्ज काढलेले चालक बुडाले. म्हणून विमा, चालकाची पडताळणी आणि गाडीची तपासणी टॅक्सी आणि अॅपची गाडी दोघांना सारखीच लावा. संख्येवर मर्यादा घालायचीच असेल, तर ती गर्दी बघून ठरवा, कोण जास्त ओरडतं ते बघून नको.