कुटुंबवृक्ष ऑनलाइन करायचाय: मोफत आणि मोबाईलवर नीट चालणारं काय आहे?

वेलविस्तार
नमस्कार मंडळी. आमच्या घराण्यातल्या साधारण तीनशे माणसांची माहिती हाताशी आहे: नावं, नाती, जमेल तिथे जन्म-मृत्यूची सालं. ती ऑनलाइन एका जागी आणायची आहे. एका साइटवर सुरुवात केली, पण आता जीव मेटाकुटीला आलाय. पणजोबांची दोन लग्नं झाली होती. दुसऱ्या पणजीचं मूल जोडायला गेलं की "आई" म्हणून पहिल्या पणजीचंच नाव आधीपासून निवडलेलं असतं. ते बदलायची सोय पार तळाशी, आणि कीबोर्ड उघडला की नेमकी तीच जागा झाकली जाते. सावत्र भावंडं सख्खी होऊन बसतात! 'सेव्ह' केलं की अख्खं झाड उडी मारून माझ्या नावापाशी परत. मी चार पिढ्या वर काम करत होते, ती फांदी पुन्हा शोधत बसा. आणि साल अंदाजे असेल तर ते अंदाजे म्हणून लिहिताच येत नाही.

अटी तीनच. पूर्ण मोफत हवं, मोबाईलवर चालायला हवं, आणि माझ्या आत्यांना स्वतः उघडून दुरुस्ती करता यायला हवी. वर्गणीवालं कृपया सुचवू नका.

निळीशाई
मी कित्येक वर्षं पैसे भरून एक मोठी साइट वापरते आणि प्रत्येक पैसा वसूल झालाय. जुन्या जनगणना, जहाजांच्या प्रवासी याद्या, सगळं एका शोधात मिळतं. परदेशी गेलेल्या चुलत शाखेचा पत्ता मला अशाच एका यादीतून लागला. फुकटच्या मागे लागू नका. वर्षाची वर्गणी एकदम भरली तर स्वस्त पडते.

वेलविस्तार
ताई, मला नोंदी शोधायच्या नाहीत. माहिती घरातच आहे, ती मांडायची आहे.

मूळशोधक
ग्रॅम्प्स. मोफत, मुक्त स्रोत, पहिली स्थिर आवृत्ती २००४ ची. माहिती तुमच्याच संगणकावर राहते. "सुमारे", "पूर्वी", "नंतर", "या दोन सालांच्या दरम्यान" अशा सगळ्या तारखा घेतं. दोन लग्नं, दत्तक, सावत्र नाती, सगळं व्यवस्थित. मी दुसऱ्या कशाला हात लावत नाही.

सानुली
मूळशोधक, त्यांनी मोबाईल म्हटलंय. ग्रॅम्प्स संगणकावर बसवावं लागतं. शिवाय त्यात माणूस वेगळा नोंदवायचा, कुटुंब वेगळं, घटना वेगळी. त्याचा फायदा कळायला वेळ लागतो. आत्यांच्या हातात ते कसं द्यायचं?

मूळशोधक
ग्रॅम्प्स वेब आहे की, ब्राउझरमध्ये चालतं.

सानुली
ते सर्व्हरवर बसवायचं कोणी? आत्यांनी?

उंबरठा
वेबट्रीज बघा. मी स्वतःच्या सर्व्हरवर चालवतो, घरातले सगळे आपापल्या खात्यातून माहिती भरतात. जिवंत माणसांची माहिती बाहेरच्यांना दिसत नाही. सर्व्हरवरच्या जागेचं वार्षिक भाडं तेवढं द्यावं लागतं, पण ते काही फार नाही.

सानुली
म्हणजे मोफत नाहीच ना!

पारंबी
फॅमिलीसर्च पूर्ण मोफत आहे, मोबाईल ॲपही चांगलं आहे. एकच लक्षात घ्या, तिथे जगभराचं मिळून एकच झाड आहे. हयात माणसांची माहिती खाजगी राहते, पण दिवंगतांची नोंद कोणताही सदस्य बदलू शकतो. विकीट्रीसुद्धा २००८ पासूनचं, मोफत आणि सामाईकच.

जुनी_वही
सामाईक झाडांचं नाव काढू नका माझ्यापुढे. अशाच एका ठिकाणी मी आजोबांची नोंद पुराव्यांसकट नीट लावली होती. कोणा अनोळखी माणसाने त्याच नावाच्या भलत्याच गृहस्थाशी ती एकत्र करून टाकली. माझ्या आजोबांना अचानक दोन जन्मसालं आणि परक्या घरची मुलं! बदलांच्या इतिहासातून एकेक गोष्ट मागे घेताना पुरेवाट झाली. ज्याचं घर त्याचं झाड, हेच बरोबर.

पारंबी
पण बदल मागे घेता आले ना? इतिहास असतो म्हणूनच आले. स्वतंत्र झाडांत तीच चूक दहा जण आपापल्या घरी उतरवून घेतात आणि ती कोणालाच दुरुस्त करता येत नाही. सामाईक ठिकाणी निदान चार डोळे असतात.

जुनी_वही
चार डोळे असून उपयोग काय, त्यातल्या दोघांनी पुरावा वाचलाच नाही तर? पुराव्याचा रकाना तिथेच होता.

काठावरचा
दोघांनी तुमचा वाद वेगळ्या धाग्यावर न्या.
मायहेरिटेज अजून कोणी सुचवलं कसं नाही? दिसायला सोपं आहे. पण मोफत खात्यात २५० माणसांची मर्यादा आहे, तुमची तीनशे बसणार नाहीत. वर्गणी भरलीत तर प्रश्नच मिटला.

निळीशाई
तेच तर मी पहिल्यापासून सांगतेय.

रोहिणी_म
धागा पूर्ण वाचला नाही, पण ग्रॅम्प्स बघा. मोफत आहे.

अक्षरजुळणी
कोणतीही साइट घ्या, पण आधी एक गोष्ट तपासा: तिथून गेडकॉम फाइल बाहेर काढता येते का. वंशावळीची माहिती एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्यासाठीचा, १९८४ पासूनचा हा फाइलप्रकार आहे आणि जवळपास सगळी सॉफ्टवेअर्स तो ओळखतात. २०१५ च्या डिसेंबरमध्ये फॅमिली ट्री मेकर हे वंशावळीचं सॉफ्टवेअर बंद होणार असं जाहीर झालं, तेव्हा लोकांची झोप उडाली होती. पुढे २०१६ मध्ये दुसऱ्या कंपनीने ते घेतलं म्हणून चाललं. ज्यांच्याकडे गेडकॉम होती, ते निवांत होते.

त्यातही दोन खाचा आहेत. जुन्या ५.५.१ आवृत्तीत फोटो फाइलच्या आत येत नाहीत, तो कुठे ठेवलाय एवढाच उल्लेख येतो. म्हणून फोटो वेगळे उतरवून ठेवा. आणि फाइल काढताना अक्षरं साठवण्याच्या पद्धतींपैकी (एन्कोडिंग) यूटीएफ-८ निवडा. मी दुसऱ्या पर्यायाने काढून पाहिली तर देवनागरी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. २०२१ मध्ये आलेल्या ७.० आवृत्तीत यूटीएफ-८ सक्तीचं केलंय आणि फोटो सोबत बांधून नेता येतात, पण ती अजून सगळीकडे चालत नाही.

सानुली
हे फार उपयोगी आहे. वर चिकटवून ठेवायला हवं.

उंबरठा
एक मात्र सांगतो, एक्सेलच्या वाटेला जाऊ नका. आमच्याकडे एकाने तसं केलं आणि कोण कोणाचा कोण, हे आजतागायत कळत नाही.

मूळशोधक
सहमत. स्प्रेडशीट म्हणजे झाड नव्हे.

काठावरचा
स्प्रेडशीटमध्ये वंशावळीची जुनी क्रमांकपद्धत वापरता येते. आपण १, वडील २, आई ३. कोणाच्याही क्रमांकाची दुप्पट म्हणजे त्याचे वडील, त्यात एक मिळवला की आई. १५९० पासून छापील पुस्तकांत आहे.

सानुली
त्यात फक्त थेट पूर्वज बसतात. काका, आत्या, भावंडं कुठे घालणार?

वेलविस्तार
सगळ्यांचे आभार. काल आत्यांना समोर बसवून फॅमिलीसर्चचं ॲप दाखवलं. नाव शोधताना ऱ्हस्व-दीर्घाचा फरक झाला आणि आजोबा सापडेचनात, तेव्हा त्यांनी फोन बाजूला ठेवला. मग सहज एक गूगल शीट उघडून दिली. अक्षर मोठं केलं आणि त्यांनी तिथल्या तिथे तीन सालं दुरुस्त केली.

तेव्हा सगळ्यांचा सल्ला डावलून मी शीटच करणार आहे. प्रत्येकाला एक क्रमांक, पुढे वडिलांचा क्रमांक, आईचा क्रमांक. आईचा रकाना स्वतंत्र असल्यामुळे दोन्ही पणज्यांची मुलं आपापल्या आईकडे राहतील. जोडीदारांची यादी दुसऱ्या पानावर. साल कोणी सांगितलं, यासाठीही एक रकाना ठेवलाय. चित्र मला नंतर काढता येईल, पण आत्यांना आठवतंय ते आत्ता उतरवून घ्यायला हवं.

उंबरठा
पस्तावाल. सांगून ठेवतोय.

अक्षरजुळणी
करायचंच असेल तर तारीख एका रकान्यात लिहू नका. दिवस, महिना, साल असे तीन रकाने करा आणि "सुमारे"साठी चौथा. एक्सेलमध्ये १९०० च्या आधीची तारीख तारीख म्हणून धरलीच जात नाही, ती शीट कोणी एक्सेलमध्ये उघडली तर क्रम लावताना घोळ होईल. आणि एकदा दिलेला क्रमांक कधीही बदलू नका, नोंद खोडली तरी तो दुसऱ्याला देऊ नका. पुढे ग्रॅम्प्समध्ये न्यायचं झालं तर ते सीएसव्ही (शीटमधून काढलेली साधी मजकूर-फाइल) घेतं. रकान्यांची नावं त्याला हवी तशी ठेवावी लागतात, ती मी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

वेलविस्तार
व्यनि मिळाला. चार रकाने केले. क्रमांकाचा रकाना कुलूपबंद करून टाकलाय.