मदत हवी आहे: वरून फुगे सोडायची जाळी ऐनवेळी उघडेल कशी?

मंडळी, शाळेच्या वार्षिक कार्यक्रमाचा शेवट समूहगीताने आहे. शेवटच्या ओळीवर छतातून दोनशेक फुगे मुलांच्या अंगावर पडावेत अशी टूम निघाली आणि ती माझ्या गळ्यात पडली. छत साधारण सहा मीटरवर, लोखंडी तुळया आहेत, मध्ये पंख्यांची रांग. तयार जाळी विकत मिळते, पण हाताशी नायलॉनची जाळी आहे, तीच वापरायची आहे. गॅलरीतून दोरी ओढणारा मीच. सगळे पालक मोबाइल वर धरून बसलेत, मी दोरी ओढतोय आणि जाळी ढिम्म, ही एकच धास्ती आहे. ज्यांनी हे केलंय त्यांनी जरा सविस्तर सांगा. हीलियम लागतो का? आदल्या दिवशी फुगवून ठेवले तर चालतील का?

प्रतिसाद:
हीलियम अजिबात नको, फुगे खाली यायचे सोडून छताला जाऊन चिकटतील. पंपाने साधी हवा भरा. नऊ इंची फुगे घेतलेत तर एका घनमीटरला शंभरेक बसतात, म्हणजे दोनशेंना दोन घनमीटर जागा. चार मीटर लांब, एक मीटर रुंद आणि अर्धा मीटर खोल अशी झोळी झाली की पुरे. आदल्या संध्याकाळी भरलेले चालतात. फक्त तट्ट फुगवू नका, वर दिव्यांजवळ गरम होतं, हवा प्रसरण पावते आणि नेमके भाषणाच्या वेळी फटाफट फुटतात. फुगा मानेकडे निमुळता दिसायला लागला की हवा जास्त झाली, थोडी सोडा.

प्रतिसाद:
वजनाची काळजी नको, दोनशे फुगे मिळून जेमतेम अर्धा किलो भरतात. जोर येतो तो तुमच्या हिसक्याचा, म्हणून जाळीच्या बाहेरच्या कडा तुळयांना पक्क्या बांधा. जाळीचे दोन लांब पट्टे करा, आतल्या कडा मधोमध तळाशी जुळवा आणि पोत्याचं तोंड शिवतात तसा साखळी टाका घाला: दोरीचा फासा दोन्ही कडांच्या भोकांतून काढायचा, पुढचा फासा त्या फाशातून. शेवटचा फासा शिवणाच्या साध्या दोऱ्याने अडकवून ठेवा. झटका बसला की तो दोरा तुटतो आणि सगळी शिवण भराभर उसवते.

प्रतिसाद:
साखळीला माझा विरोध. उसवते झकास, पण टाक्याच्या लांबीच्या तिप्पट-चौपट दोरी बाहेर येते. गॅलरीत तेवढं मागे पळणार कुठे? त्यापेक्षा सरळ धावदोरा घाला, वीतभर अंतरावर एक टाका, गुळगुळीत दोरी. चार मीटरची शिवण, चार मीटर ओढली की मोकळी. मात्र दोरीच्या पलीकडच्या टोकाला गाठ नको आणि ते टोक जाळूही नका. नायलॉन जाळला की टोकाला कडक बोंड तयार होतं आणि नेमकं तेच जाळीच्या भोकात अडकतं. चिकटपट्टी घट्ट गुंडाळून टोक निमुळतं करा.
फुगे न पडण्याची फजिती मोठमोठ्यांची झाली आहे. 2004 साली बॉस्टनला डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात ते वेळेवर पडेनात, तेव्हा दिग्दर्शकाची आरडाओरड सीएनएनवर थेट ऐकू गेली. तुमच्याकडे निदान माइक तरी नसेल.

धागाकर्ता:
धावदोराच घालतो, गॅलरी अरुंद आहे. दोरी नेमकी कधी ओढायची? गाण्याची शेवटची ओळ पाच-सहा सेकंदांची आहे.

प्रतिसाद:
फुगा सेकंदाला साधारण दीड मीटर खाली येतो, म्हणजे मुलांच्या डोक्यावर पोचायला तीन-चार सेकंद लागतात. ओळ सुरू होताच ओढा. तालीम भरलेल्या जाळीनिशीच करा, रिकामी जाळी नेहमीच छान उघडते. कोरड्या हवेत चार-दोन फुगे जाळीला चिकटून राहतात, दोन्ही पट्टे हलवता येतील अशी एकेक बारीक दोरी बांधून ठेवा. पंखे बंद, आणि बटणांवर कागद चिकटवा, नाहीतर कोणीतरी ‘उकडतंय’ म्हणून हमखास लावतो. आग विझवणाऱ्या फवाऱ्यांच्या नळांना किंवा दिव्यांच्या वायरींना काहीही बांधू नका.
आणि फुटलेल्या फुग्यांचे तुकडे तिथल्या तिथे गोळा करायला दोन मोठी माणसं नेमा. आठ वर्षांखालच्या मुलांच्या घशात ते अडकतात, श्वास कोंडतो. कुणाला रबराची ॲलर्जी आहे का, हे पालकांना आधीच विचारून घ्या.

धागाकर्ता:
तुकड्यांचं डोक्यातच आलं नव्हतं, पहिलीची मुलं पुढच्याच रांगेत आहेत. त्यांच्या ताईंना सांगतो. जाळीची भोकं मुठीएवढी आहेत, चालतील ना?

प्रतिसाद:
चालतील. फुग्याच्या निम्म्याहून लहान आहेत ना, बस्स. नायलॉनचे धागे कुठे तुटून टोचत असतील तर तेवढे कापून टाका.