प्रोस्टेटच्या इंजेक्शननंतर दाढी उगवेना, टकलावर मात्र लव

मुक्कामी_गाडी
नमस्कार मंडळी. वय 69, सातारा जिल्हा, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त. गेल्या वर्षी प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) 38 होता. रेडिएशन झालं, आणि दर तीन महिन्यांनी ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन चालू आहे, एकूण दोन वर्षं घ्यायचंय. आता पीएसए 0.2. त्याबद्दल तक्रार नाही.

प्रश्न जरा वेगळा आहे. नोकरीत मुक्कामाच्या गावी शाळेच्या ओसरीत झोपायचो आणि पहाटे चारला थंड पाण्यानं दाढी करून गाडी काढायचो. दाढी अशी राठ की एका ब्लेडमध्ये चौथी दाढी व्हायची नाही. आता आठवड्यातून एकदा केली तरी पुरते. गालावरून उलटा हात फिरवला तर खरखर लागत नाही. छातीवरचे केस गेले, काखेतले गेले, पिंढऱ्या गुळगुळीत. आणि डोक्यावर, जिथं तीस वर्षं टक्कल होतं, तिथं बारीक पांढरी लव आलीय! सलूनवाला म्हणाला, "काका, तेल कुठलं लावता?" आता काय सांगू त्याला.

डॉक्टरांकडे मुलगा सोबत असतो, त्याच्यासमोर विचारायला जीभ रेटत नाही. हे इंजेक्शनामुळेच का? आवाजही बदलेल का? केस परत येतील का? आणि जावई म्हणतात, केसांची एक गोळी मिळते, ती घ्या. घेऊ का?

कोयनाकाठ
इंजेक्शनामुळेच. माझी चार वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया केली, अंडकोष काढले, त्यामुळे माझा परत येण्याचा विषयच संपला. माझ्याही छातीवर काही राहिलं नाही. मिशी होती ती एवढी विरळ झाली की शेवटी काढून टाकली. तुम्हाला निदान टकलावर लव आली, माझं टक्कल आहे तसंच आहे. नशीब राव!

औषधवाला_नाना
मी डॉक्टर नाही, पण पस्तीस वर्षं औषधाचं दुकान चालवलं, म्हणून सांगतो.

दाढी, छाती, काख इथले केस टेस्टोस्टेरॉनवर, म्हणजे अंडकोषात बनणाऱ्या पुरुषी हार्मोनवर वाढतात. इंजेक्शन तेच बंद पाडतं, कारण गाठही त्याच्यावरच पोसते. डोक्यावर उलटा कारभार असतो. ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांच्या टाळूवर टेस्टोस्टेरॉनपासून बनणारं डीएचटी केसांची मुळं आकसवतं. ते कमी झालं की टक्कल पुढं सरकत नाही, आणि एखाद्याला अशी लव येते. हे जुनंच ज्ञान आहे. वयात येण्याआधी अंडकोष काढलेल्यांना टक्कल पडत नाही, पण त्यांतल्या काहींना टेस्टोस्टेरॉन दिलं की पडायला लागतं, हे अमेरिकेतल्या जेम्स हॅमिल्टन यांनी 1942 मध्येच मांडलं होतं. भुवया-पापण्यांचं फारसं काही बिघडत नाही. आवाजाची काळजी नको, कंठ एकदा फुटला की फुटला.

परत येण्याचं म्हणाल तर शेवटच्या इंजेक्शननंतर टेस्टोस्टेरॉन वर यायला बरेच महिने जातात. या वयात, दोन वर्षांनंतर, वर्षही लागतं, काहींचं पूर्ण येतच नाही. आलं तर दाढी येईल, आणि ती लव बहुतेक जाईल.

जावयांची गोळी फिनास्टेराइड असणार. ती डीएचटी बनू देत नाही. पण तुमच्याकडं ते बनायला टेस्टोस्टेरॉनच उरलं नाही, मग अडवणार काय? शिवाय एरवी ती पीएसएचा आकडा साधारण निम्म्यावर आणते, म्हणजे पुढं इंजेक्शन थांबल्यावर रिपोर्ट वाचताना घोळ. डॉक्टरांना न विचारता अजिबात नको. ताकदीची चूर्णं, पुड्या तर नकोच नको, त्यांत काय असतं देव जाणे.

ओटीवरची_काकू
आमचे हे दीड वर्ष इंजेक्शनवर आहेत. केसांचं यांना काही वाटलं नाही, पण रात्री अंगातून वाफा निघतात, घामानं बनियन भिजतं, उठून पंखा लावतात. माझी पाळी जाताना मला जे झालं तेच. तेव्हा हे म्हणायचे, "तुला सारखं काहीतरी होतं." आता गप्प असतात. केसांपेक्षा हाडांचं बघा भाऊ. या इंजेक्शनानं हाडं ठिसूळ होतात, आमच्या डॉक्टरांनी हाडांच्या घनतेची तपासणी करायला लावली आणि रोज चालायला सांगितलं. आणि घरी वहिनींना सांगितलंत का? त्यांनी केव्हाच पाहिलं असेल.

मुक्कामी_गाडी
काकू, तुमचं वाचून हिला सांगितलं. म्हणाली, "दिवाळीच्या अभ्यंगाला पाठीला उटणं लावलं तेव्हाच कळलं. तुम्ही बोलेना म्हणून मीही गप्प बसले."

नाना, गोळीचं जावयांना नाही म्हणून कळवलं. सोमवारी इंजेक्शन आहे, या वेळी हिला बरोबर नेतो आणि मुलाला बाहेर बाकावर बसवतो. हाडांच्या तपासणीचंही विचारतो. सलूनवाल्याला खोबरेल सांगून टाकलंय.