स्टाफच हेपॅटायटिस बीची लस टाळतोय, काय करू?

परळची_सिस्टर: आमच्या वॉर्डात मावशी, वॉर्डबॉय सोडाच, रेसिडेंट डॉक्टरसुद्धा टाळाटाळ करतायत. "इतकी वर्षं काही झालं नाही, आता काय होणार" हेच रोज ऐकते. कसं पटवायचं?

लॅबवाला_दादर: अहो सिस्टर आकडे दाखवा ना, पेशंट पॉझिटिव्ह असेल आणि आपली लस झाली नसेल तर सुई टोचल्यावर हेपॅटायटिस बी लागायची शक्यता ६ ते ३० टक्के, एचआयव्हीची जेमतेम ०.३, आणि सगळे टरकतात एचआयव्हीला!

चाळकरी_८२: आकड्यांनी मावशी बधणार नाहीत हो. जानेवारी २०२१ मध्ये कोव्हॅक्सिन तिसऱ्या टप्प्याचे निकाल यायच्या आधीच द्यायला घेतली, वर संमतीपत्रावर सही, तेव्हा डॉक्टर लोकपण कुरकुरत होते, तो संशय अजून डोक्यात असणारच. हेपॅटायटिस बीची लस मात्र १९८० च्या दशकापासून आहे.

परळची_सिस्टर: हम्म. आणि कंत्राटी मावशींना लस घेऊन ताप आला की खाडा, पगार कापला, खरी भीती तीच असावी.

लॅबवाला_दादर: मग वीकली ऑफच्या आदल्या दिवशी द्या की. तीन डोस, ०, १, ६ महिन्यांनी, शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी टायटर, म्हणजे रक्तातल्या अँटीबॉडी मोजायची टेस्ट, १० च्या वर आलं की बास.