मदत हवी आहे : ‘वॉबल’ला मराठीत नेमकं काय म्हणावं?

वडोदऱ्यातल्या मराठी मुलांसाठी इंग्रजी-मराठी शब्दसूची करतोय, ‘वॉबल’पाशी अडलोय. एक पाय आखूड असलेलं टेबल डुगडुगतं, दुधाचा दात हलतो, रडू दाबताना आवाज कापतो. ब्रिटिश बोलीतलं ‘थ्रो अ वॉबली’ म्हणजे सरळ थयथयाट करणं. इथपर्यंत ठीक.

अडचण फिरणाऱ्या वस्तूंची आहे. सायकलच्या चाकात एका बाजूच्या तारा सैल झाल्या की रिम दर फेऱ्याला त्याच जागी ब्रेकच्या रबराला घासते. कारागीर म्हणतात, ‘चाकात आउट आहे.’ भोवरा मंदावला की त्याचं डोकं गोल झुलू लागतं. इथे ‘डगमगणे’ लिहिलं तर आस कलतोय हे कळतच नाही. कानावर सतत गुजराती ‘डगमगवुं’ असल्यामुळे आपण हा शब्द सगळीकडे वापरतो, पण मराठीत डगमगते ती होडी, नाहीतर निर्धार.

पृथ्वीच्या आसाचं सुमारे ४३३ दिवसांचं ‘चँडलर वॉबल’ही सूचीत आहे. ‘आंदोलन’ नको, ते घड्याळाच्या लंबकाचं. ‘डोलन’ चालेल का? की घराघरात बोलला जाणारा एखादा शब्द आहे? कृपया वाक्यात वापरून सांगा, आणि तो कोणत्या वस्तूला चालतो, कोणत्या वस्तूला नाही, तेही लिहा.